फोनचा कारभारी आणि वाड्याची किल्ली

आपण जो फोन खिशांत घालून हिंडतों, त्याला आपल्या गैरहजेरींत कांहीं कामें नेमून देतां येतात, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. रात्रीचे दहा वाजले कीं घंटा बंद कर. घरीं पोंचलों कीं घरचें वाय-फाय सुरू कर. गाडी चालवीत असतांना निरोप आला तर तो मोठ्यानें वाचून दाखव. आईच्या फोनची बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली तर मला तसा निरोप धाड. या सर्व कामांचा सांचा एकच आहे : अमुक झालें कीं तमुक कर. हा सांचा आपणांस हवा तसा भरूं देणारीं अ‍ॅप्स निघालीं आहेत. टास्कर, मॅक्रोड्रॉइड, ऑटोमेट हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें होत. आयफोनमध्यें 'शॉर्टकट्स' नांवाचें असेंच एक अ‍ॅप २०१८ पासून कंपनीनेंच दिलें आहे. बोलण्याच्या सोयीसाठीं आज आपण अशा अ‍ॅपला फोनचा 'कारभारी' म्हणूं.

कारभारी नेमला कीं दोन प्रश्न उभे राहतात. त्याच्या हातीं किल्ल्या किती द्यावयाच्या, हा पहिला. आणि तो स्वतः कोणाकोणाच्या आधारावर उभा आहे, हा दुसरा. आजच्या भाषणांत या दोनच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी यंत्रविद्येचा दिसतो, परंतु तो घरगुती आहे. ज्या फोनवर घंटा बंद करण्याचें क्षुल्लक काम आपण सोंपवितों, त्याच फोनवर आपलें बँकेचें खातें, पेन्शनचे निरोप आणि घरांतील सर्वांचीं छायाचित्रें असतात.

प्रथम आपल्या महाराष्ट्रांतीलच एक उदाहरण घेऊं. आमच्या भातकुलीचा मुलूख पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यांत मोडतो. येथील विहिरींचें पाणी खारें, त्यामुळें विहिरीवरचें ओलित बेताचेंच. परंतु ईशान्येस मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि तिकडील बागाइतदाराचा जीव पंपावर अवलंबून असतो. शेतीपंपाची वीज कित्येक वर्षें पाळीपाळीनें, पुष्कळदां मध्यरात्रीं, येत असे. वीज आली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं माणूस बॅटरी घेऊन काळोखांत शेताकडे निघे. वाटेंत साप, विंचू, रानडुकरें यांची धास्ती. आणि एवढें करून विहिरीशीं पोंचावें, तों वीज गेलेली असे.

या हेलपाट्यावर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनीं तोड काढली. पंपाच्या स्टार्टरला एक पेटी जोडावयाची व तिला मोबाइलची जोड द्यावयाची. शेतकऱ्यानें घरीं बसून त्या क्रमांकावर फोन करावा आणि ठरलेले आंकडे दाबावे, म्हणजे पंप सुरू अथवा बंद होतो. पंपावर वीज आहे कीं नाहीं हेंही कळतें. या युक्तीचें नांव 'नॅनो गणेश'. २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत तिला पारितोषिक मिळालें.

या पेटीकडे जरा बारकाईनें पाहिलें तर दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, तिला पंपापलीकडचें जग ठाऊक नाहीं. ते आंकडे एखाद्या खोडसाळाच्या हातीं पडले, तर फार झालें तर पाणी वाहून जाईल किंवा मोटर जळेल. शेतकऱ्याचें बँकेचें खातें कांहीं उघडणार नाहीं. काम जेवढें, तेवढाच अधिकार. दुसरी गोष्ट अशी कीं, तिचे बाहेरचे आधार थोडे आहेत व ते मालकास ठाऊक आहेत. उदाहरणार्थ, तिचें सिमकार्ड चालू असलें पाहिजे. २०१८ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनीं किमान रिचार्जची अट घालण्यास आरंभ केला, तेव्हां केवळ आलेला फोन घेण्यासाठीं ठेवलेल्या सिमकार्डांतही नेमानें पैसे भरणें भाग पडलें. जो भरावयास विसरला, त्याच्या पंपानें हांक ऐकली नाहीं. आधार थोडे असले तरी त्यांची देखभाल चुकत नाहीं, हा त्यांतील बोध.

आतां खिशांतल्या फोनकडे वळूं. त्याची आंतली रचना समजण्यास जुन्या वाड्याचा दृष्टांत उपयोगी पडतो. मोठा वाडा आहे. त्यांत पुष्कळ बिऱ्हाडें आहेत. प्रत्येकाची खोली निराळी, कुलूप निराळें. एकानें दुसऱ्याच्या खोलींत शिरावयाचें नाहीं; कांहीं हवें असेल तर दार ठोठावून मागावयाचें. आपल्याकडील बहुतेक फोन ज्या अँड्रॉइड पद्धतीवर चालतात, तिच्यांत प्रत्येक अ‍ॅप हें असेंच एक बिऱ्हाड असतें. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि एका अ‍ॅपची चीजवस्तु दुसऱ्यास सहसा दिसत नाहीं. कॅमेरा, संपर्कयादी, निरोप यांसाठीं त्याला परवानगी मागावी लागते; आणि २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ही परवानगी अ‍ॅप वापरतांना, त्या त्या वेळीं विचारली जाते.

परंतु वाड्याला मालक असतो, व त्याच्याजवळ सर्व दारें उघडणारी एक किल्ली असते. या सर्वाधिकाऱ्यास यंत्रविद्येच्या भाषेंत 'रूट' म्हणजे मूळ असें नांव आहे. तें जुनें आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं युनिक्स नांवाची संगणक-पद्धति उभारण्यास आरंभ केला. पुढें १९९१ मध्यें फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें तिच्या धर्तीवर लिनक्स रचली. आणि लिनक्सच्या पायावर उभारलेल्या अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला. या सर्व घराण्यांत रूटचा क्रमांक शून्य असतो, आणि शून्य क्रमांकास बहुधा कोणी 'नाहीं' म्हणत नाहीं.

येथें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न होते. युनिक्सच्या मोठ्या संगणकावर रूटची किल्ली एका जाणत्या व्यवस्थापकाच्या हातीं असे. फोनच्या बाबतींत ती ग्राहकास मिळतच नाहीं. ज्यानें दमड्या मोजून फोन घेतला, तो आपल्याच वाड्यांत भाडेकरूसारखा राहतो. मुख्य किल्ली कारखानदाराच्या कुलुपाआड असते. हें अन्यायाचें वाटेल, व कांहीं अंशीं तें आहेही. परंतु त्यामागें विचार आहे. लाखो घरांत प्रत्येकीं एक जाणता व्यवस्थापक कोठून आणावयाचा? किल्ली मालकाच्या उशाशीं असली, तर चोराला ती मालकास गोड बोलून मागतां येते. किल्ली घरांत नसेल, तर फसलेल्या मालकालाही ती चोराच्या हातीं देतां येत नाहीं.

या व्यवस्थेचा कांच कारभाऱ्यास फार जाणवतो, कारण त्याचें कामच मुळीं इतरांच्या खोल्यांत हात घालण्याचें. त्यांतून कारखानदारानें एकेक दार बंद करीत आणलें आहे. फोनमधील 'विमान-प्रवास' स्थिति अ‍ॅपनें स्वतः चालू किंवा बंद करावी, ही सोय २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून गेली. २०१९ च्या दहाव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणें बनविलेल्या अ‍ॅपला वाय-फायचें बटणही स्वतः दाबतां येईनासें झालें. बंद झालेल्या दारांतून जाण्याच्या कारभाऱ्याजवळ सामान्यतः तीन वाटा असतात, आणि त्या चढत्या जोखमीच्या आहेत.

पहिली वाट एकेका कोठाराच्या किल्लीची. फोन तारेनें संगणकास जोडून, एका ओळीचा हुकूम देऊन, कारभाऱ्यास एखादा खास परवाना देतां येतो. असा परवाना त्या एका अ‍ॅपलाच मिळतो, आणि तें अ‍ॅप काढून टाकलें कीं परवानाही जातो. यांत खटपट आहे; परंतु वाडा शाबूत राहतो.

दुसरी वाट 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' या सेवेची. ही सेवा अंध माणसास पडद्यावरील मजकूर वाचून दाखवावा, ज्याचे हात अधू आहेत त्याच्या वतीनें बटण दाबावें, अशा पुण्यकार्यासाठीं निर्माण झाली. परंतु जो पडद्यावरचें वाचूं शकतो व बटण दाबूं शकतो, तो आपल्या नांवानें जवळजवळ कांहींही करूं शकतो. कारभाऱ्यास ही सेवा दिली कीं तो आपल्यासारखाच फोन हाताळूं लागतो. काम सोपें होतें. परंतु आपण डोळे व बोटें उसनीं दिलीं आहेत, हें विसरतां कामा नये.

तिसरी वाट रूटची. त्यासाठीं प्रथम फोनचें मूळ कुलूप उघडावें लागतें, आणि तें उघडतांना फोनमधील सर्व सांठा पुसला जातो. नंतर २०१६ पासून प्रसिद्ध असलेल्या मॅजिस्कसारख्या साधनानें रूटचा अधिकार बसवितात. तें साधन द्वारपाळाचें काम करतें : अमक्या अ‍ॅपला किल्ली द्यावी काय, असें मालकास विचारतें. मालकानें होकार दिला कीं त्या अ‍ॅपपुढें सारा वाडा मोकळा. मग विमान-प्रवासाचें बटण काय, फोन पुन्हां सुरू करणें काय, सर्व कांहीं कारभारी विनातक्रार करतो. याची किंमत अशी कीं, बँकांचीं व पैसे देण्याघेण्याचीं पुष्कळ अ‍ॅप्स असा फोन ओळखतात व त्यावर चालण्याचें नाकारतात. कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या नीट बसत नाहींत. आणि हमीच्या मुदतींत फोन बिघडला तर कंपनी हात वर करूं शकते. बँकांच्या या नकाराचा राग येण्याचें कारण नाहीं. ज्या वाड्याचीं सर्व दारें एका किल्लीनें उघडतात आणि ती किल्ली कोणाकोणाजवळ आहे हें सांगतां येत नाहीं, त्या वाड्यांत सावकार आपली थैली कशी ठेवील?

येथवर पहिल्या प्रश्नाचा विचार झाला. दुसरा प्रश्न आधाराचा, आणि तो अधिक दुर्लक्षित आहे.

कारभारी सर्व कामें स्वतः करीत नाहीं. तो बाहेरचे कसबी माणूस बोलावतो. या जोडकामास 'प्लगिन' म्हणतात. खेड्यांतील जुनी बलुत्याची पद्धति आठवा. कास्तकार तिफण स्वतः घडवीत नसे. सुतार ती घडवी, लोहार तिचा फाळ शेवटी, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर ज्याचें त्याला बलुतें मिळे. प्लगिनची कल्पना तशीच आहे. मुख्य अ‍ॅप लहान व सुटसुटीत राहतें. बोलणें ओळखणें, पडद्यावरील बटण दाबणें, घरांतील दिवे लावणें हीं कसबें निरनिराळ्या प्लगिनांकडे जातात. २००८ च्या सुमारास अमेरिकेंतील एम्‌.आय्‌.टी. संस्थेच्या विद्यार्थ्यांनीं केलेल्या 'लोकेल' या अ‍ॅपनें अशा जोडणीचा एक शिरस्ता पाडला. २०१० मध्यें निघालेल्या टास्करनें तोच उचलला. आणि त्यामुळें एकाचें प्लगिन दुसऱ्यासही चालूं लागलें. टास्करसाठीं सर्वांत अधिक प्लगिनें लिहिणाऱ्यांपैकीं एक, पोर्तुगालचे जुआंव दियास, यांनीं २०१८ मध्यें मूळ कर्ते ली विल्मशर्स्ट यांजकडून टास्करच आपल्याकडे घेतलें. बलुतेदारानें पाटिलकी घ्यावी, तसा हा प्रकार. आणि तो त्या अ‍ॅपला मानवला.

परंतु सुतार गांव सोडून गेला कीं पेरणी अडते, हेंही खरें. प्लगिन हें बहुधा एका माणसाचें, फावल्या वेळचें काम असतें. तो नोकरी बदलतो, कंटाळतो, आजारी पडतो. आणि पुढची अँड्रॉइड आवृत्ति आली कीं त्याचें प्लगिन मुकें होतें. कधीं दोष कर्त्याचा नसतो. ऑक्टोबर २०१८ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, तिच्या दुकानांतील अ‍ॅप्सना एसएमएस व फोनची नोंदवही वाचण्याची मुभा यापुढें थोड्याच कारणांसाठीं मिळेल. कारभारी वर्गातील अ‍ॅप्सना पुढें सवलत मिळाली खरी, पण ती मागावी लागली. तसेंच आयएफटीटीटी ही इंटरनेटवरून 'अमुक झालें कीं तमुक' करणारी सेवा. गूगलच्या नव्या नियमांमुळें मार्च २०१९ च्या अखेरीस तिच्यांतील जीमेलवर बेतलेले नियम बंद झाले. 'पत्र आलें कीं दिवा लाव' असा नियम ज्यानें लिहिला होता, त्याचें कांहींही चुकलें नव्हतें; आधार दुसऱ्यानें काढून घेतला.

वाय-फायच्या बंद दाराची हकीकत या दोन्ही प्रश्नांना एकत्र आणते. तें दार उघडण्यासाठीं टास्करच्या कर्त्यानें 'टास्कर सेटिंग्ज' नांवाचें निराळें मदतनीस अ‍ॅप काढलें. तें मुद्दाम जुन्या आवृत्तीच्या नियमांनीं बनविलेलें असल्यामुळें बटण दाबूं शकतें. युक्ति चांगली, परंतु तिचा जीव गूगल जुन्या अ‍ॅप्सना चालूं देईल तोंवर. रूटची किल्ली घ्यावी तर वाड्याची सुरक्षितता जाते. न घ्यावी तर मदतनीसांची सांखळी लांबत जाते. जेवढी सांखळी लांब, तेवढे तुटण्याचे सांधे अधिक. यास्तव "रूट नको, प्लगिनें वापरा" एवढा उपदेश पुरेसा नाहीं. एका जोखमीच्या जागीं दुसरी येते, एवढेंच.

या दुसऱ्या जोखमीचा विशेष असा कीं, ती बोलत नाहीं. शाळेचा शिपाई एखादे दिवशीं आला नाहीं, तर घंटा होत नाहीं, मुलें गलका करतात व मुख्याध्यापक बाहेर येऊन पाहतात. फोनमधला नियम चालेनासा झाला तर कोणीच गलका करीत नाहीं. बॅटरी वांचविण्यासाठीं कित्येक कंपन्यांचे फोन मागें चालणारीं अ‍ॅप्स आपणहून झोंपवितात. त्यांत कारभारीही झोंपतो. वाय-फाय सुरू झालें नाहीं तर थोडें चुकतें. परंतु वडिलांच्या इन्शुलिनची आठवण अशा सांखळीच्या टोंकाला बांधली असेल, तर ती चुकल्याचें केव्हां कळावें? ज्या कामाच्या चुकण्यानें प्रकृतीस किंवा पैशास धोका आहे, त्यासाठीं फोनमधला साधा गजर लावावा आणि भिंतीवर कागदही चिकटवावा. कारभारी त्यावर आणखी असूं द्या. त्याच्या जागीं नको.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती ज्यांनीं कारभारी अ‍ॅपचें नांवही आज प्रथम ऐकलें, त्यांच्यासाठीं अधिक महत्त्वाची आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते. वाहतुकीच्या दंडाची पावती येते. शेतकऱ्यांच्या योजनेचा अर्ज येतो. पाठविणारा कधीं ओळखीचाही असतो, कारण त्याचा फोन आधींच चोराच्या ताब्यांत गेलेला असतो. त्या फाइलीच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' अशीं अक्षरें असतात, म्हणजे ती पत्रिका नसून अ‍ॅप असतें. उघडतांच तें निरोप वाचण्याची परवानगी, किंवा मघां सांगितलेली अ‍ॅक्सेसिबिलिटी, मागतें. ती दिली कीं पुढचें काम साध्या सांच्याप्रमाणें होतें : बँकेचा ओटीपी आला कीं तो अमक्या क्रमांकास धाड. हाही कारभारीच, फक्त त्याचा धनी दुसरा. त्याला रूटची गरजही पडत नाहीं, इतक्या किल्ल्या आपण हातानें देऊन बसतों. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून दुकानाबाहेरून आलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी देण्याच्या वाटेंत अँड्रॉइडनें एक अडसर घातला आहे. परंतु अडसर काढण्यास मालकच पुढें सरसावला, तर त्याचा उपयोग किती? असें कांहीं घडलेंच, तर वेळ न दवडतां प्रथम १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावें. पैसे अडविण्याचा संभव पहिल्या तासा-दोन तासांतच अधिक असतो.

मग कारभारी नेमूंच नये काय? असें माझें म्हणणें नाहीं. ज्याची दृष्टि मंदावली आहे, ज्याचे हात कांपतात, ज्याचें शेत गांवापासून दोन कोसांवर आहे, त्याला हीं साधनें खरोखर उपकारक आहेत. नेमतांना मात्र आपण घरीं गडी ठेवतांना विचारतों, तेच प्रश्न विचारावे. हा कोणाचा, कोठून आला? फोनच्या अधिकृत दुकानांतून आला काय? त्याच्या कामाला ही परवानगी खरोखर लागते काय? घंटा बंद करणाऱ्यानें संपर्कयादी मागितली तर त्याला दारांतूनच परत पाठवावें. तो कोणाच्या मदतीवर काम करतो? ज्या प्लगिनला वर्षानुवर्षें दुरुस्ती मिळालेली नाहीं, त्यावर महत्त्वाचें काम टाकूं नये. आणि तो एक दिवस आला नाहीं तर आपणांस कसें कळेल? याचें उत्तर नसेल, तर तें काम त्याला देऊं नये.

दर तीन महिन्यांनीं, घरांतील जमाखर्च पाहतांना, फोनच्या सेटिंग्जमधील परवानग्यांची यादीही पाहावी. जें अ‍ॅप वापरांत नाहीं त्याची किल्ली काढून घ्यावी. घरांत एखाद्या मुलाला रूटचें कुतूहल असेल तर त्याला धपाटा घालूं नये. त्या कुतूहलांतूनच उद्यांचे अभियंते निर्माण होतात. त्याला एखादा जुना फोन द्यावा, ज्यांत बँकेचें खातें नाहीं, घरच्यांचें सिमकार्ड नाहीं. त्या वाड्यांत त्यानें वाटेल तीं दारें उघडावीं व लावावीं. ज्या फोनवर घराचा संसार चालतो, त्याची मुख्य किल्ली मात्र जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी, आणि लहान किल्ल्या मोजून द्याव्या.